जिनोआच्या आईची ओटी

म्हातारी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडत होती, आणि मी खाली तिच्या दाराच्या पायरीवर नुकताच नारळ फोडून उभा होतो. ओरडणं असं, की बंदरातल्या जहाजांचे भोंगे त्यापुढे जत्रेतल्या पिपाण्या वाटावेत. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या दोन शेजारणींनी एकाच ताटात जेवावं. त्यामुळे त्या आवाजाला पळायला जागाच नव्हती, सगळा माझ्या डोक्यावर कोसळत होता. नारळाचं पाणी तिच्या पायरीवरून ओघळून खालच्या दगडांत मुरत होतं. एक भकल माझ्या हातात, दुसरं घरंगळत पलीकडच्या दारापाशी गेलेलं. माझी मुलगी अनघा भिंतीशी उकिडवी बसून तिच्या आईचा हिरवा खण जमिनीवर पसरत होती. वर न बघताच तिने विचारलं, "बाबा, आर यू शुअर? हीच जागा?"

"हीच," मी म्हणालो. "देऊळ होतं इथे. पाडलं वाटतं मेल्यांनी."

हे धडधडीत खोटं होतं. तिथे देऊळ कधी नव्हतं, आणि असलं तरी मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. इटलीतल्या त्या जुन्या बंदराच्या गावात, जिनोआत, मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला त्याला अजून तीन तासही झाले नव्हते.

असे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा सात्त्विक असतात. मी नाही. मी थापाडा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या गोष्टीत विहिरीतला बेडूक निदान रेड्याएवढा असतो. दुबईतल्या आमच्या मालवणी मंडळींत नियमच आहे, की मी सांगेन त्यातला तिसरा भाग वजा करायचा आणि मग ऐकायचं. वाचणाऱ्यांनीही खुशाल वजा करावा. जिथे वजा करायचं नाही, तिथे मी सांगेन.

लग्नाच्या सुमाराला मी मालवाहू जहाजावर स्टोअरमध्ये होतो. आमचं जहाज एकदा जिनोआबाहेर नांगर टाकून पाच दिवस उभं राहिलं. मला नेमक्या कांजिण्या आल्या. बाकीचे रोज होडीने गावात जायचे, मी अंगाला कॅलामाइन फासून गोल खिडकीला नाक लावून बसायचो. लांबून एक उंच दीपगृह दिसलं, डोंगरावर एकावर एक रचलेली पिवळी-गुलाबी घरं दिसली, आणि संपलं. गावी आलो तर नवी नवरी विचारते, "काय काय बघितलंत?" तिने तोवर कणकवलीच्या पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं. डोळे असे लावून बसलेली. तिला काय कांजिण्या सांगू?

मग मी जिनोआ सांगितलं. गल्ल्या सांगितल्या, मासळीबाजार सांगितला, आणि रंगात येऊन एक देवीही सांगितली. गल्लीच्या वळणावर भिंतीतल्या कोनाड्यात बसलेली, निळं वस्त्र, कडेवर मूल, पुढे दिवा. दर्यावर्दी लोकांची आई. एका वादळात बुडणाऱ्या गलबताचा दोर तिने स्वतः ओढला, त्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली. ती दोन बोटं मी त्याच क्षणी, तिच्या चेहऱ्याकडे बघत बघत, तयार केली. तिने पदराने डोळे पुसले आणि मला वाटलं, वा, काय जमलंय.

पुढे जहाज सोडून मी दुबईत गोडाउनची नोकरी धरली. अल कुसैसला दोन खोल्यांचं घर घेतलं, हिला आणि लहानग्या अनघाला आणलं. शुक्रवारी सुट्टीला आमच्याकडे मालवण मुलखातली पंधरावीस माणसं जमायची, म्हणजे खरी सात-आठ. आमच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मांडलेली कैफियत. एकाने एकेक मागणं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वेळी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." कुसैसमध्ये तो मान मी चालवत असे. कुणाचा व्हिसा अडकला, कुणाच्या पोराची परीक्षा, सगळं देवाच्या कानावर घालायचो. माणसं हसत हसत "व्हय म्हाराजा" म्हणायची. ही मात्र तव्यावरचे घावणे उलथत, मान वर न करता, पण न हसता म्हणायची. सगळ्यांच्या आवाजात मला तिचा ऐकू यायचा.

एकोणीसशे नव्वदच्या जुलैअखेर कंपनीने मला दहा दिवसांच्या कामासाठी कुवेतला पाठवलं आणि तिथे लढाई उभी राहिली. फोन बंद, विमानं बंद. इकडे कुसैसमध्ये ही आणि दहा वर्षांची अनघा. मी जिवंत आहे की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. ट्रकने, बसने, चालत, बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला पोचलो. या प्रवासाच्या माझ्याकडे चाळीस गोष्टी आहेत आणि त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. त्या इथे सांगत नाही. दुबईच्या घरी शिरलो तेव्हा ही दारात उभी होती. रडली नाही. म्हणाली, "जिनोआच्या आईला नवस बोलले होते. तुम्ही परत आलात तर स्वतः येऊन ओटी भरीन म्हटलं. आता मला तिथे न्या."

मी हादरलो. गावची ग्रामदेवता होती, कुलस्वामिनी होती, हिला नेमकी माझी थाप सापडली. मी विचारलं, "तिलाच का?" तर म्हणाली, "आपल्या देवांची हद्द गावच्या शिवेपर्यंत. परमुलखात अडकलेल्या माणसाला दर्यावर्दींचीच आई लागते."

त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण कुवेतहून सुटून आलेल्या नवऱ्याकडे ती असं बघत होती, की त्या नजरेतून उतरायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी म्हटलं, अनघाची शाळा. मग अनघाचं कॉलेज. मग नुसतंच "इन्शाल्ला." एकदा ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "इथले लोक इन्शाल्ला म्हणतात तेव्हा देवाच्या हातात सोडतात. तुम्ही म्हणता तेव्हा माझ्या हातातून सोडवून घेता." मी हसलो आणि बाहेर बाल्कनीत गेलो. बर दुबई भागातल्या कापडबाजारातून आणलेला हिरवा खण तिने कपाटात घडी करून ठेवला होता. दर दिवाळीला कपाट आवरताना तो बाहेर यायचा, उन्हात पडायचा आणि परत आत जायचा. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी ती आजारी पडली. उपचार अल ऐनला होते. दर आठवड्याला कुसैसहून दीड तास गाडी हाकायची. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना वाळू आणि तारेचं कुंपण, आणि अल ऐन जवळ आलं की ती वाळू लाल व्हायला लागते. वाटभर मी बडबडायचो. उंट दिसला की त्याच्या सात पिढ्यांचा इतिहास सांगायचो. ती खिडकीला डोकं टेकून ऐकायची. हळूहळू हुंकार कमी झाले. एकदा परतताना, लाल वाळू संपून पांढरी सुरू होते त्या टप्प्यावर, ती म्हणाली, "बाकी काही राहिलं नाही हो. तेवढी ओटी राहिली."

मी गाडी बाजूला घेतली. सांगायचंच ठरवलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "तू बरी हो, आपण दोघं जाऊ. त्या गल्लीत एक म्हातारा पाव भाजतो, त्याचा वास..." असला म्हातारा नव्हता. पाव नव्हता. जगात माझ्याइतकी गोड थाप कुणी मारली नसेल आणि माझ्याइतकं नीच कुणी वागलं नसेल. ती डोळे मिटून म्हणाली, "सांगा, वासाचं सांगा." मी सांगत राहिलो. त्यानंतर सतराव्या दिवशी ती गेली. हा आकडा खरा आहे.

ती गेल्यावर माझी बोलती बंद झाली. शुक्रवारी माणसं यायची, गाऱ्हाण्याला उभा राहायचो, आणि "बा देवा म्हाराजा" एवढं म्हटल्यावर तव्याकडून आवाज येणार नाही हे आठवून खाली बसायचो. अनघा ट्रॅव्हल एजन्सीत नोकरीला होती. एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे दोन तिकिटं ठेवली. भूमध्य समुद्रातली सात दिवसांची क्रूझ, एक दिवस जिनोआ. "आईची ओटी," ती म्हणाली. "तुम्हाला रस्ता माहीत आहे ना? यू शो मी." मी मान हलवली. अल कुसैसच्या ग्रोसरीतून दोन नारळ घेतले, एक ओटीचा आणि एक फोडायचा. विमानतळावर कुणी विचारलं तर औषध म्हणून सांगायची तयारी ठेवली होती. कुणी विचारलं नाही.

क्रूझवर पाच दिवस मी काय खाल्लं, काय पाहिलं, देव जाणे. जहाज दहा मजली होतं आणि एकाही मजल्यावर मला लपायला जागा नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी कठड्यापाशी उभा राहिलो तर ते दीपगृह समोर. तीच पिवळी-गुलाबी घरं. पंचवीस वर्षांपूर्वी गोल खिडकीतून पाहिलं होतं, तसंच, फक्त आता माझ्या अंगावर फोड नव्हते आणि घरी जाऊन जिला सांगायचं ती नव्हती.

खाली उतरलो. संध्याकाळी साडेपाचच्या आत जहाजावर परतायचं होतं. बंदरासमोर कमानींचा लांब रस्ता, त्यात तळलेल्या मासळीचा वास. कमानीतून आत शिरलं की गल्ल्यांचं जाळं सुरू. एक गल्ली दुसरीला जन्म देते, दुसरी तिसरीला, आणि ऊन कुठल्याच गल्लीच्या तळापर्यंत पोचत नाही. मी पुढे, खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेले नारळ. अनघा मागे, हातात आईची कापडी पिशवी. मी ठामपणे डावीकडे वळायचो, ठामपणे उजवीकडे वळायचो. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारणार काय? मी रचलेली देवी कुठे राहते? दोन तास झाले. एका चौकातून आम्ही चौथ्यांदा गेलो. दाढीचं दुकान चालवणाऱ्याने तिसऱ्या खेपेपासून हात करायला सुरुवात केली होती. अनघा आईची पिशवी या हातातून त्या हातात घेत मागून येत होती. तिचं असं मागून येत राहणं अगदी तिच्या आईसारखं आहे.

शेवटी माझ्यातला जुना थापाड्या जागा झाला. एक ओकीबोकी भिंत बघून थांबलो आणि "हीच जागा" म्हणून टाकलं. मेलेल्या बायकोचा नवस मी एका परक्या बाईच्या दारात उरकायला निघालो होतो. नारळ फोडला आणि वरून ओरडणं सुरू झालं.

इथून पुढे काही वजा करू नका.

म्हातारी खाली आली. काळा झगा, काळा स्वेटर, पायांत घरातल्या सपाता, हातात केरसुणी. उंची माझ्या कोपराएवढी. पायरीकडे बोट, नारळाकडे बोट, माझ्या कपाळाकडे बोट. ती मला काय म्हणत होती ते एकही शब्द न कळता पूर्ण कळत होतं, आणि ते सगळं बरोबर होतं. मग तिची नजर अनघाकडे गेली. अनघाने खणावर तांदूळ ठेवले होते, हळदकुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या आणि शेंडीचा अख्खा नारळ. आणि ती रडत होती. आई गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आवाज नाही, नुसती बोटं तांदळावरून फिरत होती.

म्हातारीने बोट खाली घेतलं. केरसुणी भिंतीला टेकवली. खणाकडे बोट करून तिने एकच शब्द विचारला, "मादोन्ना?"

तेवढा शब्द मला कळत होता, येशूच्या आईचं नाव. गोव्यातल्या ख्रिस्ती खलाशांबरोबर वर्षं काढली आहेत. मान हलवावी की नाही ते ठरायच्या आत तिने माझं मनगट धरलं. पकड अशी, की जहाजाचा दोरखंड झक मारतो. भकलं तिने आपल्या झग्याच्या ओच्यात टाकली, अनघाला हनुवटीने "चल" केलं आणि मला ओढत निघाली. एक वळण. एक उतार. वाळत टाकलेल्या चादरींखालून आणखी एक वळण.

गल्लीच्या कोपऱ्यावर, डोक्याच्या वर, भिंतीत कोनाडा होता. संगमरवरी बाई, वस्त्राला उडत चाललेला निळा रंग, कडेवर मूल, पुढे छोटा विजेचा दिवा, आणि डब्यात ठेवलेली ताजी फुलं. मी आधी हात पाहिला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

मी काही वाद घालणार नाही. अनघा तेव्हाच म्हणाली, "ओल्ड स्टॅच्यूज, बाबा. बोटं तुटतातच." खरं आहे. आणि त्या गावात वळणावळणावर अशा कोनाड्यांत देवमाता बसलेल्या असतात, हेही मला नंतर कळलं. दोन तासांत माझी नजर जमिनीवरून वर गेली नव्हती म्हणून दिसल्या नाहीत. आमच्या जहाजावरचा गोव्याचा आचारी तेव्हा रोज गावात जायचा. त्याने परत येऊन माझ्या बिछान्याशी बसून काही सांगितलं असेल आणि तापात ते माझ्या डोक्यात राहिलं असेल. असेलही. मी त्यातलं काहीही नाकारत नाही.

शेजारच्या दारामागून म्हातारीने एक लाकडी स्टूल काढलं. फुलं बदलायला ठेवलेलं असावं. अनघा वर चढली, म्हातारीने तिचे घोटे घट्ट धरले. खण त्या कोनाड्याच्या कठड्यावर ठेवला, त्यावर तांदूळ, बांगड्या, नारळ. नारळ घरंगळायला लागला तेव्हा म्हातारीने खालून काहीतरी सुचवलं आणि अनघाला ते कळलं. तिने तो फुलांच्या डब्याला टेकवून बसवला.

आणि मी तोंड उघडलं. ठरवलं नव्हतं. गाऱ्हाणं आपोआप आलं, आमच्या मालवणीत.

"बाये आवशी म्हाराजा, आज ह्या परक्या बंदरात तुझ्या दारात एक लबाड माणूस उभो आसा."

सवयीने थांबलो. तिथे नेहमी एक आवाज यायचा. आणि आवाज आला. म्हातारी हात जोडून, मान खाली घालून, तीन-चार शब्दांचं काहीतरी म्हणाली.

"मिया ह्या गावात कधी पाय ठेवलंय नाय. तुझी गोष्ट मिया खोटी सांगलंय."

पुन्हा तेच शब्द, त्याच ठेक्यात.

"तरी तिना तुझो नवस केल्यान, आणि तू माका घराक पोचयलंस."

पुन्हा.

"ती आता नाय. तिचा चेडू तिची ओटी घेऊन इला हा. ती मानून घे. माझ्या खोट्याचो दोष तिच्यार घालू नको."

शेवटच्या वेळी तिने ते शब्द जरा सावकाश म्हटले. "प्रेगा पेर नोई." दुबईला परतल्यावर गोडाउनमधल्या गोव्याच्या सहकाऱ्याने सांगितलं, की त्यांच्याकडेही एकजण एकेक नाव घेतो आणि बाकीचे दर वेळी म्हणतात, आमच्यासाठी विनव. तिला वाटलं असणार, मी तेच म्हणतोय. शब्द वेगळे होते. पण ज्या जागी यायला हवे होते, त्या जागी आले. म्हातारी स्वयंपाकघरातून आली असावी, कारण तिच्या हाताला कांद्याचा वास होता, आणि ती हसत नव्हती.

जाताना तिने भकलं परत दिली नाहीत. एक स्वतःला ठेवलं, दुसऱ्यातला तुकडा तोडून माझ्या तोंडात घातला, लहान मुलाला घालावा तसा. मग आपल्या पायरीकडे हात करून पुन्हा थोडं रागावली आणि निघून गेली. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारता आलंही नसतं.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. लोक म्हणतात, देवाला शरण जावं. मी आयुष्यभर रोज हात जोडले, पण हात जोडतानाही आत पुढची थाप शिजत असायची. शरण म्हणजे काय ते मला त्या गल्लीत कळलं, मनगट दुसऱ्याच्या हातात होतं आणि कुठे नेतात ते ठाऊक नव्हतं तेव्हा. ज्या आईला मी हसत हसत घडवलं, तिने माझ्या बायकोचं ऐकलं, माझं उशिरा ऐकलं, आणि माझ्या खोटेपणाच्या ऐन भरात एका म्हातारीला केरसुणी देऊन पाठवलं. माझी पात्रता त्या केरसुणीचीच होती. मिळालं मात्र खोबरं. मी आजही शुक्रवारी गाऱ्हाणं घालतो. ज्या जागी तिचा आवाज यायचा तिथे क्षणभर थांबतो, मग पुढे जातो. दुःख कमी झालेलं नाही. पण त्या जागेत आता नुसती माझी थाप भरलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. कमानींच्या रस्त्याने जहाजाकडे परतताना मी अनघाला विचारलं, "मी काय बोललो ते कळलं ना तुला? मी इथे कधी उतरलोच नव्हतो. देवी मी बनवली होती. तुझ्या आईला मी पंचवीस वर्षं फसवलं."

तिने रिकामी पिशवी घडी करून खांद्याच्या बॅगेत ठेवली आणि घड्याळ बघितलं.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमची देवी दर वेळी वेगळ्या गल्लीत बसायची. मी विचारलं होतं तिला, मग नवस कशाला? ती म्हणाली, बाबा परत आले ना, म्हणजे कुणीतरी ऐकलं. यल्ला, चला बाबा, साडेपाचला गेट बंद होतं."